पहिला आशीर्वाद माशांना



देवाने मनुष्याला आशीर्वाद दिला आणि फळा, वाढा, पृथ्वी व्यापून टाका असे सांगितले, हे आपल्या धर्मशिक्षण वर्गातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. लग्नाच्या मिस्सेत हे वाचन आपण कितीदा तरी ऐकतो. परंतु हा आशीर्वाद मिळण्याचा पहिला मान मनुष्याचा नाही. उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय आज घरी गेल्यावर सावकाश वाचावा. आपण सहाव्या दिवशी निर्माण झालो. त्याच्या आदल्या दिवशी देवाने पाण्यातले जीव आणि आकाशातली पाखरे ज्याच्या त्याच्या जातीप्रमाणे निर्माण केली, हे चांगले आहे असे पाहिले, आणि बाविसाव्या वचनात त्यांना आशीर्वाद दिला. शब्द जवळजवळ तेच, जे नंतर आपल्या वाट्याला आले. सूर्याला आशीर्वाद दिल्याचे लिहिलेले नाही, डोंगराला नाही, गवताला नाही. संपूर्ण बायबलमधला पहिला आशीर्वाद मासे आणि पाखरे यांना मिळालेला आहे.

पाखरांविषयी पुन्हा कधीतरी बोलू. आज माशांविषयी बोलायचे आहे, कारण आपल्या धर्मग्रामातली बरीच कुटुंबे माण आणि हिंजवडीच्या परिसरात, म्हणजे मुळा नदीच्या खोऱ्यात राहतात. आणि मृगाचा पाऊस तोंडावर आला आहे. पावसाचा आणि माशांचा संबंध काय, ते पुढे येईलच.

मुळा नदी आपण रोज ओलांडतो. कामावर जाताना, मुलांना शाळेत सोडताना, औंधकडे वा बालेवाडीकडे वळताना ती पुलावरून दिसते. उन्हाळ्यात तर नदी दिसतच नाही, जलपर्णीचा हिरवा थर तेवढा दिसतो. वास येतो म्हणून आपण गाडीची काच वर करतो आणि पुढे जातो. ही नदी सह्याद्रीत जन्मते, मुळशी धरणापासून पौडवरून खाली येते, माणच्या दक्षिणेने वाहते, दापोडीजवळ पवनेला आणि पुण्यात संगमावर मुठेला भेटते. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. भीमा उजनीच्या धरणात साठते, पंढरपूरला तिला चंद्रभागा म्हणतात. सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते. तेव्हा माणच्या एखाद्या ओढ्यात आपण जे सोडतो ते वाहत वाहत शेवटी कोणाच्या तरी तांब्यापर्यंत जाते. सोलापूरकडे आपल्यातल्या कितीतरी जणांचे सोयरे आहेत!

या नदीच्या माशांची एक जुनी हकिकत आहे. ती आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकली असेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक अधिकारी होता. 1824 मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. शेती, माणसे, जनावरे, पाखरे, सगळ्यांचीच त्याने टिपणे केली. नदीतले मासेही त्याने सोडले नाहीत. मुळा-मुठा, इंद्रायणी, भीमा या नद्यांतल्या चाळीसहून अधिक माशांचे वर्णन त्याने लिहिले. 1838 मध्ये ते लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे वाचले गेले आणि 1839 मध्ये छापले गेले. त्याआधी शास्त्रज्ञांच्या जगाला यातले बहुतेक मासे माहीतच नव्हते.

नव्या प्राण्याला शास्त्रीय नाव द्यायचे तर लॅटिन वा ग्रीक शब्द शोधायचे, अशी तेव्हाची पद्धत. साइक्सने मात्र बऱ्याच माशांची इथलीच नावे जशीच्या तशी लॅटिनमध्ये नेऊन बसवली. खुदरी, शिंगाळा, घोगरा, कोळस, नुक्ता, मळ्या. आजही जगातल्या कुठल्याही विद्यापीठातला माशांचा अभ्यासक दख्खनच्या महसीर माशाला टॉर खुद्री म्हणतो. शिंगाळा तर पार गंगेपर्यंतच्या नद्यांत आढळतो, आणि त्याचे शास्त्रीय नाव आहे स्पेराटा सीनघाला. खुदरीचे वर्णन झाले ते मुळा-मुठेतल्या माशावरून, नुक्ताचे इंद्रायणीतल्या माशावरून. ही नावे त्या गोऱ्या साहेबाने घरी बसून रचलेली नाहीत. नदीकाठच्या कोण्या भोयाने, कोण्या कोळ्याने जाळ्यातला मासा हातात धरून त्याला ती सांगितली असणार. त्या माणसाचे नाव कागदावर आले नाही. त्याने सांगितलेले शब्द मात्र दोनशे वर्षे होत आली तरी टिकून आहेत.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव प्राणी आदामापुढे आणतो आणि आदाम काय नावे ठेवतो ते पाहतो, हा प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तिथे नीट पाहिले तर रानातल्या पशूंचा आणि आकाशातल्या पाखरांचा उल्लेख आहे, माशांचा नाही. माशांना नावे देण्याचे काम जणू नदीकाठच्या माणसांवर सोपवले गेले, आणि आपल्या मुळेच्या काठच्या माणसांनी ते केले. नाव देणे ही लहान गोष्ट नव्हे. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू पालकांना पहिला प्रश्न विचारतात तो बाळाचे नाव काय ठेवले हाच. ज्याचे नाव आपण घेतो त्याची जबाबदारी आपल्यावर येते. आज आपल्या मुलांना सुपरमार्केटच्या काचेमागचे बासा आणि तिलापिया ठाऊक आहेत. खुदरी म्हटले तर ती विचारतात, हे काय असते?

साइक्सनंतर शंभर वर्षांनी, 1942 मध्ये, फ्रेझर नावाच्या अभ्यासकाने पुण्याच्या माशांची यादी पुन्हा छापली. पुढे 2003 मध्ये पुण्यातल्याच अभ्यासकांनी मुळा आणि मुठा धुंडाळल्या. जुन्या याद्यांतले काही मासे त्यांना मिळालेच नाहीत, आणि जुन्या याद्यांत नव्हते असे बाहेरून आणलेले मासे मिळाले.

मासे जातात कसे, हे समजून घ्यायला हवे. नुसते 'प्रदूषण' म्हटले की आपण मान डोलावतो आणि विसरतो. घरातले सांडपाणी नदीत गेले की त्यातली घाण खाऊन सूक्ष्म जंतू वाढतात. ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. मग मासा तोंड वर काढून पृष्ठभागावर घुटमळतो, आणि शेवटी पोट वर करून तरंगतो. त्याला कोणी विष घातलेले नसते, तो गुदमरून मेलेला असतो. सांडपाण्यातली खते खाऊन जलपर्णी फोफावते. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, तिच्या सुंदर जांभळ्या फुलांसाठी जगभर नेली गेलेली. ती ऊन अडवते, पाण्याखाली अंधार होतो. जलपर्णीत डास वाढतात. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून मग पाण्यात गप्पी मासे सोडले जातात, तेही दक्षिण अमेरिकेतलेच. बंद टाकीत, हौदात त्यांचा उपयोग आहे, त्याला कोणाची हरकत नाही. पण वाहत्या ओढ्यात ते गेले की आपल्या लहान माशांच्या जागेवर बसतात. आपले हे लहान मासे काही कमी डासांच्या अळ्या खात नव्हते.

खुदरीसारख्या माशाची गोष्ट आणखी वेगळी. तिला वाहते, स्वच्छ पाणी लागते आणि तळाशी गोटे, वाळू लागते. त्या गोट्यांमध्ये तिची अंडी वाढतात. पावसाळ्यात पाणी चढले की ती प्रवाहाच्या उलट वर जाते. मळ्या तर तोंडाखालच्या चकतीने दगडाला चिकटून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खातो. दगडच राडारोड्याखाली गेला तर त्याने चिकटायचे कुठे? आपल्या भागात गेल्या पंचवीस वर्षांत जेवढे बांधकाम झाले, त्याचा राडारोडा कुठे कुठे गेला, हे वेगळे सांगायला नको. रात्री डंपर येतो, ओढ्याच्या काठाला रिकामा होतो. सकाळी ओढा हातभर अरुंद झालेला असतो. जून 2025 मध्ये हिंजवडीच्या रस्त्यांवर पाणी तुंबले, गाड्या अडकल्या, आणि ओढे बुजवल्याची चर्चा वर्तमानपत्रांत झाली. आपल्याला त्रास झाला तेव्हा ओढ्यांची आठवण झाली. माशांची वाट तर त्याच्या कितीतरी आधी बंद झाली होती.

नोहाच्या गोष्टीत माशांना तारवात घ्यावे लागले नाही. जलप्रलय त्यांच्यासाठी संकट नव्हता. पाणी हेच त्यांचे घर. आणि प्रलयानंतर देवाने करार केला तो नोहाशी आणि त्याच्या मुलांशी तर केलाच, शिवाय प्रत्येक जिवंत प्राण्याशी केला (उत्पत्ती 9:10). त्या करारात आपण एकटे नाही. आज अशी वेळ आहे की ज्यांना तारवाची गरज कधीच पडली नव्हती त्यांनाच ती पडली आहे.

आता पावसाकडे येऊ. पहिला मोठा पाऊस पडला की ओढ्यांना गढूळ पाणी येते आणि नदीतले मासे त्या पाण्याच्या उलट ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात चढतात. हेच चढणीचे मासे. मुळशी-मावळात त्यांची मजा पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. आपल्या धर्मग्रामातलेही काही तरुण, आणि तरुणच का, काही वडीलधारेही, पहिल्या पावसाच्या रात्री बॅटरी आणि जाळी घेऊन ओढ्यावर जातात. त्या रात्रीच्या कालवणाला वेगळीच चव असते असे म्हणतात. असेलही. कारण तो मासा गाभोळीने भरलेला असतो. तो फिरायला आलेला नसतो, अंडी घालायला आलेला असतो.

पूर्वी नदी भरलेली होती, ओढे मोकळे होते, आणि काठीने वा पाटीने मासे धरणारी पाच-दहा माणसे होती. वर चढणाऱ्या शंभरातले वीस धरले तर ऐंशी पोहोचत. तेव्हा त्यात पाप नव्हते. आज वर चढू शकणारेच थोडे, ओढा एकच उरलेला, आणि त्याच्या तोंडाशी बारीक डोळ्याचे नायलॉनचे जाळे आडवे लावलेले. कोठे कोठे तर ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारण्याचा प्रकार होतो. तो तर गुन्हाच आहे, त्याविषयी अधिक लिहायला नको.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात (वचने 6 आणि 7) एक लहानसा नियम आहे, आणि प्रवचनात तो क्वचितच येतो. वाटेत पाखराचे घरटे दिसले आणि मादी पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर मादीला पिलांसह धरायचे नाही. मादीला जाऊ द्यायचे. देवाने इथे खाण्याला बंदी केलेली नाही. अंडी घे, पिले घे, असेच म्हटले आहे. बंदी आहे ती वंश चालवणारीलाच उचलून नेण्याला. आणि या नियमाला जोडून जे वचन दिले आहे ते पाहा: तुझे बरे होईल आणि तुला दीर्घायुष्य मिळेल. दहा आज्ञांमध्ये असेच वचन आईबापांचा मान राख या आज्ञेला जोडलेले आहे. आपल्या आईला आणि घरट्यातल्या मादीला एकाच वचनाने सांभाळणारा हा देव आहे. म्हणून आम्ही धर्मगुरू आणि पॅरिश कौन्सिल मिळून आपल्याला एक विनंती करीत आहोत: यंदा चढणीचे मासे धरू नका. जून आणि जुलै, दोन महिने. मासे खाऊच नका असे आम्ही म्हणत नाही. आपला प्रभू पुनरुत्थानानंतर शिष्यांबरोबर भाजलेला मासा खात होता. फक्त हे दोन महिने ओढ्यातले मासे वर जाऊ द्या. जे पोटासाठी मासेमारी करतात त्यांना हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही, आणि त्यांच्यामुळे नदी रिकामी झालेलीही नाही. हे आहे हौसेने जाणाऱ्यांसाठी.

यापेक्षा अवघड गोष्ट पुढे आहे. आपल्यापैकी कितीतरी जण मोठ्या सोसायट्यांत राहतात आणि काही जण तिथल्या कमिटीवर आहेत. मोठ्या गृहप्रकल्पाला पर्यावरण परवानगी देताना सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, ज्याला आपण एसटीपी म्हणतो, तो बसवण्याची अट असते. बिल्डर तो बसवतो. पुढे तो चालवायचा सोसायटीने. वीज लागते, माणूस लागतो, दुरुस्ती लागते. सर्वसाधारण सभेत कोणीतरी म्हणते की मेंटेनन्स वाढतो आहे, रात्री बंद ठेवला तर काय बिघडते? कोणी काही बोलत नाही. ठराव लिहिला जात नाही, पण मशीन बंद होते. त्या सभेत एखादा ख्रिस्ती सभासद बसलेला असेल तर त्याने काय करावे? आम्हाला वाटते, उठून उभे राहावे. दर महिन्याला घरटी थोडे पैसे जास्त पडतील. मिस्सेच्या आरंभी आपण विचाराने, शब्दाने, कृतीने आणि कर्तव्य टाळून केलेल्या पापांची कबुली देतो. कर्तव्य टाळणे म्हणजे काय, याचे इतके सरळ उदाहरण शोधून सापडणार नाही.

भोसरी, चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची परीक्षा याहून कठीण आहे, हे आम्ही जाणतो. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना सर्वांनी टीव्हीवर पाहिला आहे. ऐन वारीच्या दिवसांत आपले वारकरी बांधव त्याच पाण्यात श्रद्धेने स्नान करतात. 2018 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या नद्यांचे 351 प्रदूषित पट्टे जाहीर केले, त्यांतले 53 एकट्या महाराष्ट्रातले, आणि त्यांत मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या चौघीही होत्या. हे पाणी घराघरांतूनही येते आणि कारखान्यांतूनही. रात्रपाळीत कोणी सांगितले की टाकी भरली आहे, व्हॉल्व्ह उघडून दे, तर हाताखालच्या माणसाने काय करावे? कंत्राटी नोकरी, घराचा हप्ता, मुलांची फी. त्याला एकट्याला शूर व्हायला सांगणे आम्हाला इथून सोपे आहे, म्हणून तसे सांगणार नाही. आम्ही एवढेच म्हणतो की अशा माणसाने एकटे राहू नये. आमच्याकडे यावे, पापनिवेदनाला यावे किंवा नुसते बोलायला यावे. आपल्या धर्मग्रामात कायदा जाणणारे आहेत, अभियंते आहेत, कामगार संघटनेत वर्षे घालवलेली माणसे आहेत. आणि जे आदेश देणाऱ्या खुर्चीवर आहेत, त्यांच्यासाठी होशेय संदेष्ट्याचा चौथा अध्याय पुरेसा आहे. देशात सत्य नाही, दया नाही, देवाची ओळख नाही. खोटेपणा आणि चोरी माजली आहे. त्यामुळे भूमी शोक करते आणि पाण्यातले मासेसुद्धा नाहीसे होतात. मासे नाहीसे होणे हा शेवटचा परिणाम म्हणून त्याने सांगितला आहे. सुरुवात खोटे बोलण्यापासून झाली.

कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात सृष्टीच्या जपणुकीचा विषय कोठे ठेवला आहे, हे पाहण्यासारखे आहे. तो सातव्या आज्ञेखाली आहे (परिच्छेद 2415). सातवी आज्ञा म्हणजे चोरी करू नको. नदीतला मासा नाहीसा करणे ही चोरी आहे, आणि ज्यांचे आपण चोरतो ते अजून जन्मलेले नाहीत, म्हणून तक्रार करायला कोणी येत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात (परिच्छेद 33) आणखी पुढचे सांगितले. आपल्यामुळे नष्ट झालेल्या हजारो जाती आता आपल्या अस्तित्वाने देवाचे गौरव करणार नाहीत, आणि तसे करण्याचा आपल्याला अधिकार नाही. दानिएलाच्या पुस्तकात भट्टीत टाकलेले तीन तरुण पाण्यात संचार करणाऱ्या सर्व जिवांना देवाची स्तुती करायला बोलावतात, ते आपण रविवारच्या प्रातःप्रार्थनेत म्हणतो. त्या गायकवृंदातला एक आवाज मुळेच्या पाण्यातून येत होता.

घरात काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांसाठी दोन शब्द. घर बदलताना, टाकीचा कंटाळा आल्यावर पुष्कळ जण ते मासे 'बिचारे जगू देत' म्हणून नदीत वा तळ्यात सोडतात. हेतू दयेचा असतो. पण टाकीची काच चाटणारा सकर मासा दक्षिण अमेरिकेतला, तो उजनीच्या पाण्यात वाढून मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो. त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात आणि त्याला गिऱ्हाईक नाही. तिलापिया 1952 मध्ये भारतात आणला गेला, कमी प्राणवायूच्या घाण पाण्यातही तग धरतो आणि भराभर वाढतो. आफ्रिकन मांगूर तर दुसऱ्या माशांना खातो; त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने 2000 मध्ये बंदी घातली. नको झालेले मासे दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, पाण्यात सोडू नका.

याचा अर्थ परदेशी मासा वाईट आणि देशी मासा चांगला, असा नाही. तिलापियालाही पाचव्या दिवशीचाच आशीर्वाद आहे, त्याच्या आफ्रिकेतल्या पाण्यासाठी. आपली खुदरी काय करते पाहा. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून तिची पैदास होते, लाखो पिले तयार झाली, आणि काही काळ धोक्यात मानलेली ही जात आता त्या यादीतून बाहेर आली आहे. आनंदाची गोष्ट. पण यातलीच पिले दक्षिणेत कावेरीत सोडली गेली. कावेरीत तिथला स्वतःचा महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, प्रचंड वाढणारा. खुदरीने त्याची जागा घेतली, आणि 2018 मध्ये तो मासा अतिशय संकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला. मुळेत जी घरची आहे ती कावेरीत घुसखोर ठरली. मासा तोच. त्याला उचलून नेणारा हात मनुष्याचा.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायलाच हवी, कारण आपल्या राज्यात 'इथला' आणि 'बाहेरचा' हे शब्द फार लवकर माणसांना लावले जातात. माशांना लागू पडते ते माणसांना लावू नये. माणूस ही जगभर एकच जात आहे. आपल्या धर्मग्रामातच अहिल्यानगर आणि जालन्याकडून कारखान्यात कामाला आलेली कुटुंबे आहेत, वसईची आहेत, गोव्याची, केरळची, झारखंडची आहेत, आणि माणमध्ये पिढ्यान् पिढ्या राहिलेले शेजारी आहेत. प्रभूच्या मेजावर परका कोणी नाही. उलट आपण बाहेरून आलो आहोत म्हणूनच इथल्या नदीची विचारपूस आपण अधिक करायला हवी. पाहुणा घरी आला की यजमानाच्या घरातल्यांची नावे आधी विचारतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात शिष्य रात्रभर जाळे टाकतात आणि काही मिळत नाही. पहाटे प्रभू किनाऱ्यावर उभा असतो. त्याच्या शब्दावर ते पुन्हा जाळे टाकतात आणि मोठाले मासे मिळतात, 153. हा आकडा का, याविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. संत जेरोम यांनी दिलेले स्पष्टीकरण आम्हाला आवडते. त्या काळचे जाणकार माशांच्या एकूण 153 जाती मानत, असे ते म्हणतात. म्हणजे पेत्राच्या जाळ्यात प्रत्येक जातीचा मासा आला, एकही जात बाहेर राहिली नाही, आणि जाळे फाटले नाही. हे त्यांनी लिहिले ते यहेज्केलच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायावर भाष्य करताना. त्या अध्यायात मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, मग पोहून जावे लागेल एवढी नदी होते. ती मृत समुद्रात उतरते आणि खारट पाणी गोडे होते. जिथे जिथे ती जाते तिथे सर्व जगते. नाना जातींचे मासे होतात आणि कोळी काठावर जाळी वाळत घालतात. संदेष्ट्याला उद्धाराचे चित्र काढायचे होते, तेव्हा त्याने मासे आणि मच्छीमार असलेली एक स्वच्छ नदी काढली. आणि ती नदी निघते कोठून? देवाच्या घरातून. आपल्या चर्चच्या आवारातले पाणीही मागच्या ओढ्यालाच जाते. म्हणून पॅरिश हॉलच्या स्वयंपाकघराचे सांडपाणी शोषखड्ड्यात सोडण्याचे काम पावसाआधी पुरे करायचे, असे कौन्सिलने ठरवले आहे. खर्चाचा हिशेब फलकावर लावला जाईल.

तुटलेल्या मूर्ती, जुन्या जपमाळा, वाळलेल्या झावळ्या नदीत सोडण्याची पद्धत आपल्यात काही घरी शिरली आहे. आशीर्वादित वस्तू पुरावी किंवा जाळावी, ही ख्रिस्तसभेची रीत आहे. चर्चच्या दाराशी त्यासाठी पेटी ठेवली आहे, तीत आणून टाका.

आणि शेवटी ज्येष्ठांना एक काम. आपल्यातल्या ज्यांचे बालपण मुळा, पवना, इंद्रायणी, भीमा, घोड किंवा प्रवरेच्या काठी गेले, त्यांना माशांची कितीतरी नावे येत असतील, जी कोणत्याही पुस्तकात नाहीत. येत्या रविवारी आठच्या मिस्सेनंतर धर्मशिक्षण वर्गाची मुले हॉलमध्ये वही घेऊन बसतील. मासा कसा दिसायचा, कोणत्या पाण्यात मिळायचा, कोणत्या महिन्यात, तुमच्या गावी त्याला काय म्हणत, एवढे त्यांना सांगा. लिहिता येत नसले तरी चालेल, मुले लिहितील. नाव चुकेल का, ही काळजी नको; एकाच माशाला दोन गावांत दोन नावे असली तर दोन्ही लिहायची. पहिल्या पानावर आम्ही खुदरी, शिंगाळा, घोगरा, कोळस, नुक्ता आणि मळ्या ही सहा नावे लिहून ठेवली आहेत. चहाची व्यवस्था महिला मंडळाने केली आहे.